डोळे उघडेल तो गंज घासेल

वरठीच्या तरुण संघाचा एक कायदा होता आणि तो बायबलात कुठेही सापडत नव्हता. जेवणाच्या प्रार्थनेत जो डोळे उघडेल, त्याने भाताचा गंज घासायचा. गंज म्हणजे आपलं साधंसुधं पातेलं समजू नका. चर्चच्या मागच्या खोलीत पालथा पडलेला तो पितळी गंज एवढा दांडगा होता की घासणारा कमरेपर्यंत आत जायचा आणि बाहेरून नुसते पाय दिसायचे. आतून त्याने काही भजन-बिजन म्हटलं तर आवाज मात्र झकास घुमायचा.

कायदा केला होता संजीवभाऊंनी. संजीवभाऊ आठवडाभर स्टीलच्या कारखान्यात क्रेन चालवायचे आणि रविवारी उपासना सुटली की तरुण संघ चालवायचे. दोन्हींत संघ जड, असं ते म्हणायचे. महिन्यातल्या एका रविवारी चर्चच्या आवारात, चिंचेखाली प्रेमभोजन असायचं. भात, कोंबडीचा रस्सा, पुऱ्या आणि केळी. रीता तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. तिला विचाराल तर स्वर्गाबद्दल ती जे काही शिकली ते त्या चिंचेखालीच, आणि नरकाबद्दलही तिथेच. कारण ताट वाढलेलं असायचं, रश्श्याचा वास नाकात असायचा आणि संजीवभाऊ प्रार्थना करत असायचे.

एरवी भाऊ बोलायचे ते आपल्या चार माणसांसारखंच. ‘काहून बे, कुठी गेला होता?’ वगैरे. पण डोळे मिटायला सांगितलं की त्यांच्या तोंडी भलतीच मराठी यायची. ‘हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या’ म्हणून ती निघायची, वरठीतल्या एकेका आजाऱ्याची विचारपूस करायची, तिथून कलेक्टरसाहेब, मुख्यमंत्री, पंतप्रधान, मग पूरग्रस्त, मग भूकंपग्रस्त. कोणीच ग्रस्त उरलं नाही की समुद्रावरच्या खलाशांचा नंबर लागायचा. वरठीपासून समुद्र कुठल्या कुठे, पण भाऊंनी खलाशांना कधी वाऱ्यावर सोडलं नाही. त्यात कुंपणापलीकडून रेल्वे. मालगाडी आली की भाऊ थांबायचे आणि शेवटचा डबा गेला की जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू व्हायचे. मालगाडीच्या खडखडाटात ‘आमेन’ उरकून गेलं असेल या भाबड्या आशेने संघातल्या राजकुमारने एकदा पुरीला हात घातला होता. त्याचे पाय पुढे तासभर गंजाबाहेर दिसत होते.

या सगळ्यातून एकच प्राणी सुटायचा. धनराज. हा बुधरामचा पोरगा, सगळ्यांचा धन्या. बुधराम तलावात मासोळ्या धरायचा. त्यांच्या घरी देव वेगळे, सण वेगळे. पोरगा नुसता कॅरम खेळायला म्हणून एकदा आला आणि भाताच्या वासाने टिकला. भाऊ मुद्दाम त्याच्या घरी विचारायला गेले. बुधराम म्हणाला, “येऊ द्या नं साहेब, पोट्टे खेळाले कुठंबी जातेतच. पण सकायची मासोळी विकूनच येईल, सांगून ठेवतो.” म्हणून धन्याला कायम उशीर. सगळे डोळे मिटून आतड्यांना धीर देत बसलेले असायचे, आणि हा सायकल फाटकाला टेकवून, हात पँटला पुसून, बरोबर शेवटच्या ‘आमेन’ला हजर. वर सगळ्यात मोठ्याने ‘आमेन’ म्हणणारा तोच. पंतप्रधान नाहीत, खलाशी नाहीत, थेट पुरी.

“काय नशीब घेऊन आला बे हा!” राजकुमार चरफडायचा.

रीताला गणितात गती होती. तिने विचार केला, उशिरा आल्यावर प्रार्थना चुकत असेल तर आपणही उशिरा यावं. एका रविवारी ती चिंचेच्याच खोडामागे लपून राहिली. आणि तिचं दुर्दैव असं की नेमकी त्या दिवशी प्रार्थना अशी लांबली, अशी लांबली, की खलाशी संपले आणि भाऊ ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांपर्यंत पोहोचले. शेवटी भुकेने कळवळून ती बाहेर आली आणि खाली मान घालून गुपचूप रांगेत बसली. तिने मांडी घातली मात्र, ‘आमेन’ झालं. आपलं नशीब धन्याइतकं बरं नाही, एवढाच निष्कर्ष तिने त्यातून काढला. गणितात गती असलेली माणसंही कधीकधी अशी गोता खातात.

आणि माकडांचा दिवस तर अख्ख्या वरठीला पाठ आहे. भाऊ पूरग्रस्तांपर्यंत आले होते तेव्हा चिंचेवरून काहीतरी धप्पकन उतरलं. मग पुऱ्यांच्या टोपलीची करकर. मग ताटांची खणखण. मग चक्क कोणीतरी केळं सोलून खात असल्याचा मचमच आवाज. चिंचेखाली बसलेल्या एकूण एक पोराला कळलं होतं की माकडं आलीत. पण ‘माकड!’ म्हणून ओरडायचं म्हणजे डोळे उघडल्याची कबुली द्यायची. गंज कोणाला घासायचाय? तेव्हा सगळे डोळे गच्च मिटून, एका श्रद्धाळू मंडळीला शोभेल अशा शांततेत, स्वतःच्या जेवणाची लूट ऐकत बसले. फाटकातून धन्याचं ‘आमेन’ आलं आणि डोळे उघडले, तेव्हा ताटांत फक्त भात होता आणि चिंचेवर लांब शेपट्यांचं दुसरं प्रेमभोजन चाललं होतं. भाऊंनाही कसं कळलं नाही, याचं पोरांना नवल वाटलं. पण भाऊ प्रार्थनेत इतके बुडालेले असतात, त्यांना माकडं काय ऐकू येणार, असं म्हणून सगळ्यांचा आदर उलट वाढला.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. रीता तुमसरच्या शाळेत गणित शिकवते आणि मधल्या सुट्टीत डबे उघडण्याआधी मुलांना डोळे मिटायला लावते, मात्र अर्ध्या मिनिटासाठीच. जुन्या संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सकाळी बायबलातली वचनं येतात आणि संध्याकाळी राजकुमारच्या बिर्याणीचे फोटो. त्याने पुढे भंडाऱ्यात केटरिंग काढलं. लहानपणी प्रार्थनेत जी भूक अडली होती तिचाच त्याने धंदा केला, असं रीता म्हणते.

त्या ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी बातमी आली की संजीवभाऊंना लकवा मारला. चालणं हळूहळू परतलं, उजवा हात अर्धामुर्धा परतला. बोलणं मात्र परतलं नाही.

नाताळच्या सुट्टीत रीता त्यांना बघायला गेली. भाऊ खुर्चीत बसले होते, अंगात तोच तपकिरी स्वेटर. रीताला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि तोंडातून शब्द आला, “थांब.”

“थांबतो नं भाऊ, आत्ताच तर आली.”

“थांब,” भाऊ म्हणाले आणि चिडून मान हलवली. त्यांना म्हणायचं होतं, बस.

“सगळ्याले थांबच निघते वो,” कौशल्यावहिनी चहा घेऊन येत म्हणाल्या. “चहा पायजे तरी थांब, नको तरी थांब. पंखा लाव तरी थांब. मी त दोन वर्षांपासून थांबूनच राहिली.” हसता हसता त्यांनी कप ठेवला आणि रीताला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे मात्र त्या हसल्या नाहीत. घरात आणखी चार शब्द निघतात, त्या सांगत होत्या. हो, नाही, बापा, माणसांची नावं. डॉक्टर म्हणतात चार माणसांत बोला, बोलून बोलूनच येईल. पण चार माणसं दिसली की ओठ शिवल्यासारखे. चर्चला येणं सोडलं, कारण तिथे कोणीतरी म्हणेल, भाऊ, प्रार्थना करा.

“जन्मभर यांच्या मागं लागली मी,” वहिनी म्हणाल्या. “प्रार्थना आटपा म्हणत होती, रस्सा थंडा झाला म्हणत होती. आता होऊ दे म्हणते थंडा. एकडाव तो आवाज ऐकाचा आहे मले.”

रीताने तिथेच ठरवलं की भाऊंना लोकांत बोलतं करायचं. कसं, हे तिला ठाऊक नव्हतं, पण शिक्षकी पेशात ही अडचण रोजचीच असते. ग्रुपवर तिने जाहीर केलं, जानेवारीत जुन्या संघाचं प्रेमभोजन, चिंचेखाली, त्याच गंजात. राजकुमार म्हणाला स्वयंपाक माझा. धन्या म्हणाला मी आलोच. रीता आमंत्रण द्यायला गेली तेव्हा भाऊंनी स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून ठामपणे सांगितलं, “नाई.”

“प्रार्थना नाही सांगत तुम्हाले, भाऊ. नुसते जेवाले या,” रीता म्हणाली. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर होतं, त्याच्यासमोर उभी राहून ती हे म्हणाली.

ठरल्या रविवारी चिंचेखाली सतरंज्या पडल्या. पोरं म्हणून जी इथून गेली होती ती पोटं घेऊन परतली होती. कोणी बँकेत होतं, कोणी पोलिसात, कोणाची लेकरं त्याच कुंपणावर चढून गाड्यांचे डबे मोजत होती. वहिनींनी भाऊंना हात धरून आणलं आणि फाटकासमोरच्या खुर्चीवर बसवलं. ती त्यांची पूर्वीचीच जागा. माणसं येऊन पाया पडत होती, सलाम करत होती. भाऊ मान हलवत होते, पण तोंडातून अक्षर नाही.

गंजातून भात उपसला गेला. ताटं वाढून झाली. तेवढ्यात धन्याचा फोन आला. त्याचा आता मासोळीचा टेम्पो आहे, आणि तो टेम्पो रस्त्यात पंक्चर होऊन बसला होता. रीताने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

“तुम्ही जेवून घ्या बे, माह्यासाठी थांबू नका. मी येऊन राहिलो कोणाच्या तरी गाडीवर.”

“याचा उशीर काही सुटत नाही,” राजकुमार म्हणाला. “चला, प्रार्थना करा आणि सुरू करा. रस्सा थंडा होऊन राहिला.”

रीता भाऊंच्या खुर्चीजवळ गेली. दिलेला शब्द तिने तिथे सरळ मोडला. “भाऊ, तुम्ही करता का? एकच वाक्य. एक शब्द.”

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, आणि मग त्यांनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी होतं. रीताला स्वतःचीच लाज वाटली. इतक्या लोकांत आपण या माणसाला उघडं पाडलं, असं वाटून ती मुकाट्याने सतरंजीवर येऊन बसली. वहिनींकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

“तूच कर,” ती राजकुमारला म्हणाली.

सगळ्यांनी डोळे मिटले. चाळिशीला टेकलेली माणसं, पण मिटले, कारण गंज तोच होता. राजकुमारने केटरिंगवाल्याच्या तडफेने सुरुवात केली. “हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार, हे आशीर्वादित कर, येशूच्या ना…”

“थांब.”

राजकुमारचा घास तोंडातच राहिला, म्हणजे ‘आमेन’चा. कोणी हललं नाही.

“बापा,” भाऊंचा आवाज आला. जाड, ओढल्यासारखा, पण तोच. “बापा… थांब.”

वहिनींचा हुंदका रीताला ऐकू आला. मग भाऊ एकेक नाव घेऊ लागले. मध्ये मोठमोठी खिंडारं होती, पण नावं येत होती. “कौशल्या… थांब… रीता… राजकुमार… बापा…” कुठे ती परमकृपाळू स्वर्गीय पित्याची रुबाबदार मराठी आणि कुठे हे! यात ना कलेक्टर होते ना खलाशी. पण रीताने उभ्या जन्मात इतकं लक्ष देऊन प्रार्थना ऐकली नव्हती.

आणि नेमकी मालगाडी आली.

भाऊ थांबले. डबे खडखडत राहिले, एकामागून एक, कोळशाचे असणार, संपता संपेनात. रीताला वाटलं, आता हे पुन्हा सुरू होतील का? खुर्चीत बरे असतील ना? दोन वर्षांनी उघडलेलं तोंड या मेल्या गाडीने परत मिटवलं तर? तिला राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा तिने प्रेमभोजनाच्या प्रार्थनेत डोळे उघडले.

आधी तिला माकड दिसलं. चांगलं थोराड, काळ्या तोंडाचं, राजकुमारच्या पुढ्यात बसून त्याच्याच ताटातलं केळं निवडत होतं. मागे दुसरं पुऱ्यांच्या टोपलीत हात घालून उभं. रीताने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आता ओरडलं तर ही प्रार्थना इथेच संपेल. नेऊ दे मेल्याला केळी, टोपलीसकट नेऊ दे.

मग तिने भाऊंकडे पाहिलं. भाऊंचे डोळे टक्क उघडे होते.

ते माकडाकडे बघत नव्हते. रीताकडेही नाही. ते फाटकाकडे बघत होते, आणि फाटकापलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे. आताच उघडलेले ते डोळे नव्हते. या खुर्चीत बसून, या फाटकाकडे, असं बघत बसायची त्यांना चांगली सवय होती, हे बघणाऱ्याला कळत होतं. रीताला सायकल आठवली. पँटला पुसलेले हात आठवले. चिंचेमागे लपलेली एक मुलगी आणि ऑस्ट्रेलियातले मेंढपाळ आठवले. वीस वर्षं चुकलेलं गणित एका क्षणात सुटलं आणि तिचे डोळे भरून आले.

गाडीचा शेवटचा डबा गेला.

“थांब,” भाऊ म्हणाले. जिथे सोडलं होतं, तिथूनच. “बापा… थांब जरा. धन्या… येऊन राहिला.”

रस्त्यावर एक मोटरसायकल वळली. मागून एक टकला, जाडा इसम घाईने उतरला, फाटकाशी आला, आतले मिटलेले डोळे बघून जागच्या जागी उभा राहिला. हात पँटला पुसले. स्वतःचे डोळे मिटले.

“आमेन,” भाऊ म्हणाले.

“आऽमेन!” फाटकातून धन्याने ठोकलं.

मग जो कल्लोळ झाला तो काही विचारू नका. वहिनी भाऊंच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होत्या, राजकुमार ‘माह्यं केळं! माह्यं केळं!’ करत चिंचेकडे बघत होता, लेकरं माकडांमागे धावत होती, आणि मंडळी हसून हसून सतरंजीवर आडवी झाली होती. माकडांचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. डोळे कोणीच उघडले नव्हते. तसं शपथेवर सांगत होते.

“पाहा,” धन्या ताटावर बसत म्हणाला, “माह्यं नशीबच बे तसं. मी आलो का प्रार्थना सरते. लहानपणापासून.”

रीता त्याला सांगणार होती. पण त्याने पहिला घास घेतला होता आणि भाऊ त्याच्याकडे बघत होते. उरलेल्या दोन पुऱ्या तिने त्याच्याच ताटात वाढल्या.

जेवणं उरकल्यावर राजकुमारने आपल्या पोऱ्यांना हाक मारली, गंज घासायला. रीता म्हणाली, राहू द्या, मी घासते. का म्हणून कोणी विचारलं नाही. बाईमाणूस भावनेच्या भरात आहे, घासू दे, असं सगळ्यांना वाटलं. तिने पदर खोचला, नळाखाली गंज आडवा केला आणि कमरेपर्यंत आत शिरली. आत अजूनही तसाच थंडावा होता आणि आवाज अजूनही तसाच घुमत होता.

थोड्या वेळाने बाहेर काठीचा ठक ठक आवाज आला. रीताने मान बाहेर काढली. भाऊ एकटेच चालत आले होते. ते नळाच्या ओट्यावर सावकाश टेकले, काठी बाजूला ठेवली आणि डाव्या हाताने राखेची मूठ भरली.

“तुम्ही काहून भाऊ? जा, बसा तिकडे. मी घासतो नं.”

भाऊंनी मान हलवली आणि राखेचं बोट स्वतःच्या डोळ्याला लावून दाखवलं. मग दुसऱ्या डोळ्याला. तोंडावर राखेचे दोन ठिपके घेऊन ते तिच्याकडे बघत होते, आणि हसत होते.

“म्हणजे माकडं पण दिसली होती तुम्हाले? तवाची?”

“हो,” भाऊ म्हणाले.

“आणि मी? चिंचेमागे?”

“हो, हो.” आता त्यांना हसू आवरेना. खांदे गदगदत होते. “थांब,” ते म्हणाले, तिला बाजूला सारलं, आणि इतक्या वर्षांचा तुंबलेला हिशेब चुकता करायला बसल्यासारखे गंजाचा काठ घासू लागले.